छायाचित्राची छपाई : मुरबाडच्या वाटेने

छायाचित्र घरीच छापावे की दुकानातून छापून आणावे, हा प्रश्न संगणकाच्या जोडीला आलेल्या लहान छपाईयंत्रामुळे निर्माण झाला अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी इतिहासाचा क्रम पाहिला म्हणजे घरची छपाई हीच आधीची आणि दुकानाची मागाहूनची, असे दिसून येते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे वैद्यकव्यवसायी या विद्येच्या उपासकांत होते. आणि त्या काळच्या हौशी मंडळींना, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद काचेच्या निगेटिव्हखाली चौकटीत दाबून, तो उन्हात धरून प्रत स्वतःच उतरवावी लागे. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्यांनी लवकरच या विद्येचा धंदा केला, आणि कारखान्यात तयार झालेला जिलेटिनचा कागद मिळू लागल्यावर छपाई हळूहळू गृहस्थाच्या हातून सुटून पेढीच्या स्वाधीन झाली.

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या सडकेवरचे, लोहमार्ग अद्याप न पोचलेले मुरबाड, किंवा आसनगाव स्टेशनाजवळचे शहापूर, अशा तालुक्याच्या गावांत ही विद्या पोचली ती स्टुडिओच्या रूपाने. कृष्णधवल काळातील स्टुडिओवाला खऱ्या अर्थाने कारागीर होता. लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत डेव्हलपर, पाणी आणि हायपो यांची तबके मांडून तो एकेक प्रत काढी, आणि ती पुरेशी धुतली नाही तर हायपोचा अंश राहून पुढे ती पिवळी पडेल, ही जबाबदारी सर्वस्वी त्याची असे. उटीच्या सरकारी कारखान्यात १९६७ पासून होऊ लागलेला ‘इंदू’ छापाचा छायाचित्रणाचा माल अशा कारागिरांना देशातच उपलब्ध झाला. परंतु रंगीत फोटो आला आणि ही खोली निरुपयोगी ठरली. कारण रंगीत कागद लाल दिव्याखाली उघडता येत नाही, आणि रसायनांचे तापमानही काटेकोर राखावे लागते. स्टुडिओवाला मग शहरातल्या लॅबचा अडत्या झाला : रोल धुवायला घ्यावा, एस.टी.ने पाठवावा, आणि काही दिवसांनी पाकीट गिऱ्हाइकाच्या हवाली करावे. छपाई तालुक्यातून निघून गेली. डिजिटल यंत्राने ती परत आणली, आणि मुरबाडसारख्या गावाच्या दृष्टीने, घर की दुकान या वादापेक्षा ही घटना मला अधिक महत्त्वाची वाटते.

कारण तेथे फोटोची मुख्य निकड हौसेची नव्हती, दप्तराची होती. निवडणूक आयोगाने १९९३ साली मतदारांच्या सचित्र ओळखपत्रांचा हुकूम काढला. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, बँकेचे खाते, परीक्षेचा अर्ज, प्रत्येक दस्तऐवजावर चेहऱ्याची मागणी वाढत गेली. दूरच्या पाड्यावरून मामलेदार कचेरीत आलेल्या ठाकूर वा कातकरी अर्जदारास, फोटो त्याच दिवशी हाती पडला नाही तर मजुरीचा आणखी एक दिवस गमवावा लागे. चार बाय सहा इंची कागदावर पासपोर्ट आकाराच्या आठ प्रती काही मिनिटांत काढून देणाऱ्या दुकानाने हा खाडा वाचविला. माणूस वारल्यावर, त्याच लहानशा फोटोवरून मोठी प्रत करवून तिला चंदनाचा हार घालणारी घरे या भागात थोडी नाहीत. एखाद्याची एवढीच तसबीर मागे राहते.

घरच्या यंत्राविषयी माझे मत प्रतिकूल आहे, आणि त्याची कारणे वापराची व हवामानाची आहेत. शाईचे यंत्र नित्य चालले पाहिजे. महिनोन् महिने पडून राहिले तर त्याची सूक्ष्म छिद्रे वाळलेल्या शाईने बुजतात, आणि साफसफाईतच बरीचशी शाई खर्ची पडते. शिवाय पाण्यात विरघळणाऱ्या साध्या शाईची प्रत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या चार महिन्यांच्या पावसाळी ओलीत फार काळ तग धरीत नाही. अर्जावर चिकटविण्याच्या फोटोस अशी प्रत चालेल. भिंतीवर राहावयाच्या फोटोसाठी लॅबमधील चांदीच्या लेपाचा कागदच घ्यावा, आणि पाठीमागे नाव, गाव व साल लिहून ठेवावे.

जुन्या स्टुडिओंच्या मालकांस मात्र एक विनंती आहे. माळ्यावर निगेटिव्हची खोकी असतील तर ती रद्दीत घालू नयेत. म्हसा गावच्या यात्रेतील बैलबाजार, घाटवाटेवरच्या गावांतील लग्ने, यांची अन्यत्र न उरलेली नोंद त्यांत असण्याचा संभव आहे, आणि आता त्या निगेटिव्हच्या प्रती काढणे मुरबाडातच शक्य आहे.