भांड्यांचे निमज्जन : यहूदी धर्मशास्त्रातील एका विधीचा अर्थविचार

यहूदीतर व्यक्तीकडून विकत घेतलेले स्वयंपाकाचे अथवा जेवणाचे धातूचे भांडे वापरात आणण्यापूर्वी विधिपूर्वक पाण्यात बुडवावे, असा यहूदी धर्मशास्त्राचा दंडक आहे. या विधीस हिब्रूत ‘तेविलत केलिम’ म्हणतात. मराठीत त्याचा निर्देश करताना ‘शुद्धी’ हा शब्द सहज पुढे येतो आणि त्यामागोमाग विटाळ व सोवळे-ओवळे या कल्पनाही येतात. परंतु या नियमाचा इतिहास पाहता त्याचा रोख भांड्याला लागलेल्या दोषावर नसून भांड्याच्या स्वामित्वावर आहे, असे दिसून येते.

नियमाचे मूळ ‘गणना’ या ग्रंथाच्या 31व्या अध्यायात आहे. मिद्यानी लोकांवरील स्वारीहून परतलेल्या योद्ध्यांना एलाजार याजक आज्ञा करतो की, सोने, रुपे, तांबे, लोखंड, कथील व शिसे यांपैकी जे अग्नीत टिकेल ते अग्नीतून काढावे; तथापि ते ‘मे निद्दा’ या पाण्यानेही शुद्ध करावे. याच ग्रंथाच्या 19व्या अध्यायात ‘मे निद्दा’ म्हणजे तांबड्या कालवडीची राख घातलेले, शिंपडावयाचे पाणी होय. बाबिलोनी तालमुदातील ‘अवोदा झारा’ या प्रकरणात मात्र येथे शिंपडण्याची आवश्यकता नाकारली असून, रजस्वला ज्या पाण्यात निमज्जन करते ते पाणी, असा अर्थ घेतला आहे. त्यावरूनच कुंडात किमान चाळीस सआ, म्हणजे काही शे लिटर, पाणी असावे ही अट निष्पन्न झाली. शब्द तोच राहिला. त्यातून निघणारा विधी बदलला.

सुमारे इ. स. 200 मध्ये संकलित झालेल्या मिश्नेत अशा भांड्यांसाठी तीन क्रियापदे योजिली आहेत : बुडविणे, उकळत्या पाण्यातून काढणे आणि अग्नीत लाल करणे. या तिसऱ्या क्रियेचे हिब्रू नाव ‘लिब्बून’, म्हणजे शब्दशः ‘पांढरे करणे’, असे आहे. ज्या भांड्यास जी क्रिया योग्य ती करावी, एवढेच मिश्ना सांगते. तालमुद त्यापुढे जाऊन, या सर्वच भांड्यांना चाळीस सआ पाण्यात निमज्जन हवे, असे म्हणते. येथे रब्बा बार अवुहा यांचा युक्तिवाद निर्णायक आहे. अग्नीत तावून काढलेले जुने भांडे नव्यासारखेच होते; तरीही त्यास निमज्जन सांगितले आहे; म्हणून कोऱ्या भांड्यासही ते आवश्यक ठरते. मग कातरीसही निमज्जन हवे काय, असा आक्षेप रव शेशेत घेतात. शास्त्रवचन जेवणाच्या भांड्यांविषयी आहे, असे उत्तर रव नहमान देतात. उसने आणलेल्या भांड्यास हा नियम लागू नाही, हेही तेथेच स्पष्ट केले आहे.

या दोन मर्यादा एकत्र ठेवल्या म्हणजे नियमाचे स्वरूप उघड होते. कोऱ्या भांड्यात काढून टाकण्यासारखे काहीच नसते, तरी ते बुडवावे लागते. यहूदीतराने नित्य वापरलेले भांडे उसने आणले, तर त्यातील निषिद्ध अन्नाचा अंश घालवावा लागेल, पण निमज्जन नको. अग्नी व उकळते पाणी भांड्यात मुरलेले बाहेर काढतात. निमज्जन काहीच काढीत नाही. ते भांड्याचे धनीपण बदलल्याची नोंद करते. यरुशलेमी तालमुद याचे कारण असे देतो की, भांडे यहूदीतरांच्या अशुद्धतेतून निघून इस्राएलच्या पावित्र्यात प्रवेश करते. यहूदी धर्म स्वीकारणाऱ्या माणसाच्या निमज्जनासही ‘तेविला’ हेच नाव आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

यरुशलेमी तालमुदात ‘अशुद्धता’ हा शब्द आहे, हे खरे. तथापि बाराव्या शतकात मैमोनिडीस यांनी, हे निमज्जन शुद्धाशुद्धतेच्या प्रकरणातील नसून शास्त्रकारांनी घालून दिलेले आहे, असे स्पष्ट लिहिले. धातूच्या भांड्यांपुरता हा नियम प्रत्यक्ष तोराचाच आहे, असे इतर अनेक आचार्य मानतात. योसेफ कारो यांच्या 1565 साली व्हेनिस येथे छापलेल्या ‘शुल्हान आरूख’मधील एक तोड तर फारच बोलकी आहे. शब्बाथपूर्वी निमज्जन राहून गेले असल्यास भांडे यहूदीतरास दान द्यावे आणि त्याच्याकडूनच उसने घेऊन वापरावे. भांडे तेच, वापरणारा तोच. पालटले ते केवळ स्वामित्व. आधुनिक काळात विजेची उपकरणे बुडविल्यास बिघडतात. म्हणून ती यहूदी कारागिराकडून सुटी करवून पुन्हा जोडून घ्यावीत, म्हणजे ती यहूद्याने घडविलेली ठरतील, असाही मार्ग काही धर्मशास्त्री सांगतात.

हा विधी दोन समाजांमध्ये रेषा आखतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती रेषा स्पर्शाची नव्हे. अस्पृश्यतेचा प्रदीर्घ इतिहास पाठीशी असलेल्या आपल्या भाषेत ‘विटाळ’ वा ‘शुद्धी’ हे शब्द येथे योजले, तर मूळ ग्रंथांत नसलेला अर्थ त्यांच्यावर लादला जाईल. म्हणून ‘तेविला’ या शब्दासाठी ‘निमज्जन’ हा साधा, क्रियावाचक प्रतिशब्दच स्वीकारणे इष्ट होय.