स्वीट चार्ली : एका स्ट्रॉबेरी वाणाची वंशकथा

महाबळेश्वर-पाचगणीच्या लाल मातीत रुजलेला ‘स्वीट चार्ली’ हा स्ट्रॉबेरीचा वाण जन्माने अमेरिकेतील फ्लोरिडाचा असला, तरी त्याच्या वंशाची मुळे थेट चिलीच्या किनाऱ्यापर्यंत जातात. फ्रेंच लष्करी अभियंता आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए याने १७१४ मध्ये तेथील मोठ्या फळांच्या जातीची पाच रोपे जिवंत मायदेशी आणली. पण ती केवळ मादी फुलांची असल्याने परागाअभावी फळ धरेना. उत्तर अमेरिकेतील लहान पण सुवासिक फळांची व्हर्जिनिया जात शेजारी येताच फळे लागली आणि त्यांच्या बियांतून आजची बागायती स्ट्रॉबेरी उपजली. दोन्ही जाती अष्टगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे आठ संच असलेल्या असल्यामुळे हा संकर वांझ ठरला नाही. त्याचे मूळ आंत्वान निकोला द्युशेन याने १७६६ मध्ये ग्रंथरूपाने उलगडून दाखवले.

याच वंशातील ‘पाहारो’ हा कॅलिफोर्नियाचा वाण आणि फ्लोरिडातील एक निवड यांच्या संकरातून फ्लोरिडा विद्यापीठाने ‘स्वीट चार्ली’ सिद्ध केला आणि १९९२ मध्ये तो प्रसारित करताना वनस्पतिरोगतज्ज्ञ चार्ल्स हॉवर्ड यांचे नाव त्याला दिले. हे नाव सार्थच आहे, कारण फळ कुजवणाऱ्या अँथ्रॅक्नोज या बुरशीजन्य रोगाला हा वाण चांगला तोंड देतो. त्याचे फळ नारिंगी छटेचे लाल असून कापल्यावर नारिंगी गरात पांढऱ्या रेषा दिसतात. आम्लता कमी असल्याने गोडी ठळक लागते आणि हंगामही लवकर सुरू होतो. मात्र गर मऊ असल्याने लांबच्या वाहतुकीत घट्ट फळांचे वाण त्याच्यापेक्षा सरस ठरतात.

स्ट्रॉबेरीच्या बियांतून आईबापांचे गुण विखुरतात, म्हणून मातृरोपाला फुटणाऱ्या ‘रनर’ या लांब, आडव्या फुटव्यांपासून नवी रोपे केली जातात. फुटव्याचे पेर मातीला टेकले की तेथे मुळ्या धरतात आणि मातृरोपाचेच गुण पुढे चालू राहतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते तेथील हवा, माती आणि शेतकऱ्यांच्या कष्टांमुळे. परंतु या डोंगरावरच्या गादीवाफ्यात उभे असलेले ‘स्वीट चार्ली’चे प्रत्येक रोप फ्लोरिडात निवडलेल्या एकाच बीजरोपाचा विस्तार आहे, आणि चिली व व्हर्जिनियाची ती जुनी सोयरीक त्याच्या प्रत्येक फळात टिकून आहे.