घरापर्यंत पोचणारे भाषण

सभा संपवून माणसे परतली, की भाषणातले किती त्यांच्याबरोबर घरापर्यंत पोचते? आम्ही संघटनेचे लोक वक्तृत्वाची परीक्षा याच प्रश्नाने घेतो. टाळ्यांवर आमचा भरवसा नाही. त्या उकाड्याने कमी होतात आणि वक्त्याच्या नावाने वाढतात.

या परीक्षेला उतरलेला पुरुष म्हणजे ‘दीनबंधु’कार नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली फॅक्टरी कमिशनपुढे गाऱ्हाणे मांडण्यासाठी त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. त्या काळी गिरणी उजाडता सुरू होई, ती दिवस मावळता थांबे. आठवड्याची सुट्टी म्हणून नव्हतीच. लोखंड्यांच्या मागण्या होत्या अवघ्या पाच. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जायबंदी झालेल्याच्या पोटाची सोय. एका हाताच्या बोटांवर मावणारी ही यादी! अक्षरओळख नसलेला गडीही ती चाळीत जाऊन बायकोला सांगू शकत होता. शिवाय रविवार हा खंडोबाचा वार, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. मोघम शब्दाला मालक भीत नाहीत, तारखेला भितात. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या केल्या.

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सभा झाली. दहा हजार कामगार जमले होते, आणि त्यांच्यापुढे दोन कामकरी स्त्रिया बोलावयास उभ्या राहिल्या! काळ कोणता, हे श्रोत्यांनी ध्यानी घ्यावे. शिकल्या-सवरलेल्या घरांतही बाईचा आवाज ओटीवर ऐकू येऊ नये, असा तो काळ. सुट्टी हवी, हे पुढाऱ्याने सांगणे निराळे आणि गिरणीतून जाऊन पुन्हा चूल पेटविणाऱ्या बाईने सांगणे निराळे. तिला उपमा शोधाव्या लागत नाहीत. चळवळीच्या इतिहासांत या दोघींची एका ओळीत बोळवण होते, याची आम्हांला खरोखर चीड येते. पानेच्या पाने आम्हा पुढाऱ्यांनाच लागतात.

सभेनंतर सत्तेचाळीस दिवसांनी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. बाकीच्या मागण्या मात्र रखडल्या. जायबंदीच्या भरपाईचा कायदा आला १९२३ साली आणि पगाराच्या तारखेचा १९३६ साली. लोखंडे तर १८९७ मध्येच प्लेगच्या साथीत गेले होते.