फोटोच्या पाठीमागे

आमच्या आबांना फोटोच्या मागे लिहायची भारी हौस. म्हशाच्या यात्रेतल्या फोटोमागे मजकूर असा: "पौष पौर्णिमा. बैल घेतले नाहीत. भाव फार." फोटोत बैल नाहीतच, आबा आहेत, तेही हललेले. पण त्या मजकुराने अख्ख्या मुरबाडात कोणाला अपाय झाल्याचं ऐकिवात नाही.

परवा शहापूरहून भाचा आला. माहुली किल्ल्याचा फोटो दाखवता दाखवता म्हणाला, "मामा, अनोळखी माणसाचा फोटो आला तर उघडूसुद्धा नका हं!"

"अरे, फोटो तो. चावतो की काय?"

तर चावतो म्हणे! हल्लीच्या फोटोलाही पाठ असते. तारीख, कॅमेरा, जागा सगळं पोटातच लिहिलेलं. जपान्यांनी १९९५ साली त्याचा 'एक्झिफ' नावाचा नमुनाच ठरवून दिला. त्याआधीही जेपेग फोटोत शेऱ्याचा रकाना होताच, आणि भानगड झाली ती तिथे. शेऱ्याआधी त्याची लांबी लिहायची, आणि ती लिहायला लागणारी दोन घरंही तिच्यातच मोजायची. म्हणजे शेरा कोरा असला तरी आकडा दोन. एखाद्या लबाडाने तिथे 'एक' लिहिला तर? यंत्राने एकातून दोन वजा केले. आमच्या मास्तरांनी छडी दाखवून 'उणे एक' वदवून घेतलं असतं. पण यंत्राच्या त्या हिशेबात 'उणे' नावाची चीजच नव्हती. उत्तर आलं ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५! एवढा मजकूर यंत्र चिठ्ठीएवढ्या जागेत उतरवायला बसलं. तो शेजारच्या मेमरीत सांडला, एकाच्या सातबाऱ्याने दुसऱ्याच्या शेतात शिरावं तसा. सांडलेल्यात कोणी बेतून हुकूम लिहिलेले असले, तर यंत्र तेही निमूट पाळायचं.

नेटस्केपमधली ही चूक २००० साली 'सोलर डिझायनर' असं टोपणनाव घेतलेल्या एका रशियन तज्ज्ञाने उघड केली. एवढी बोंब झाल्यावर पुन्हा कोण चुकणार? मायक्रोसॉफ्ट चुकली. सप्टेंबर २००४, तोच शेरा, तेच दोन वजा!

अँड्रॉइड मोबाइलमधल्या 'लिबएक्झिफ'ची गंमत निराळीच. तिथे लिहिणाऱ्याने मजकूर सांडू नये म्हणून पहारा ठेवला होता. पण प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कम्पायलर पडला काटकसरी. 'असं कधी घडणारच नाही, मग पहारेकरी कशाला?' म्हणून त्याने पहारेकऱ्यालाच घरी पाठवलं. (असे साहेब आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले.) नोव्हेंबर २०२० मध्ये गूगलने ते भोक बुजवलं.

"मग माझ्या मोबाइलमधलं बुजलंय ना?" मी विचारलं.

भाच्याने मोबाइल उलटासुलटा करून पाहिला. "मामा, हा माझाच जुना. याला दुरुस्त्या येणं त्याआधीच थांबलं होतं."

आबांचा तो फोटो मी ह्याच मोबाइलमध्ये उतरवून ठेवलाय. मागची बाजू तेवढी उतरवायची राहिली आहे.