संशयाचा कायदा आणि दिंडोरीची शीव

पूर्वेला सपाट शेती आणि पश्चिमेला पेठ-सुरगाण्याकडे चढत जाणारे डोंगर अशा दिंडोरीच्या मुलखात अनोळखी वाटसरूला हटकून ‘कोण, कुठला, कुठे निघालास’ असे विचारण्याचे काम पोलीस खाते उभे राहण्यापूर्वी जागल्याकडे, म्हणजे गावच्या राखणदाराकडे असे. नाशिक भागात ते बहुधा भिल्ल व कोळी करीत. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचे आणि तेथे तो पुढल्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा, नाहीतर भरपाईचा बोजा आपल्याच गावावर यायचा. म्हणजे संशयाला निदान मातीतल्या ठशाचा आधार लागे.

1867 च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने गावची राखण पोलीस पाटलाच्या हाताखाली बांधून दिली. खरा पालट मात्र 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दिसतो. उपजीविकेचे उघड साधन नसलेल्या किंवा स्वतःविषयी समाधानकारक माहिती देऊ न शकणाऱ्या इसमाला ठाणे अंमलदार कलम 55 अन्वये वॉरंटाशिवाय अटक करू शकत असे आणि दंडाधिकारी कलम 109 अन्वये त्याच्याकडून एक वर्षापर्यंत चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागू शकत असे. मजुरीसाठी डोंगर उतरून आलेल्या माणसाजवळ कोयत्याखेरीज दाखवण्यासारखे साधन ते कोणते असणार? गरिबी हीच येथे संशयाची खूण ठरली, आणि हा या कायद्याचा सर्वांत मोठा अन्याय होता.

1911 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, ज्याची जागा पुढे 1924 च्या कायद्याने घेतली, हा संशय जन्माशीच जोडला: नोंदलेल्या माणसाला ठरावीक वेळी हजेरी द्यायला लावता येई आणि त्याच्या हिंडण्याफिरण्याला हद्द घालता येई. पिढ्यान्‌पिढ्या गावे राखणाऱ्या रामोशांनाही तो शिक्का चुकला नाही. देशभर हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. उपजीविकेच्या साधनाविषयीची तरतूद मात्र 1973 ची संहिता येईपर्यंत टिकली, आणि त्या संहितेच्या कलम 109 मध्ये दखलपात्र गुन्ह्याच्या हेतूने स्वतःला लपवणे एवढाच आधार उरला.

आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, पोलिसासमक्ष अदखलपात्र गुन्हा करून नाव-पत्ता सांगण्यास नकार देणाऱ्याला ते कळावे म्हणून अटक करता येते. म्हणजे तेथे संशयाआधी काही कृत्य घडावे लागते. तरीही 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 122 नुसार, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत रस्त्यावर रेंगाळणारा आणि त्याचे समाधानकारक कारण देऊ न शकणारा माणूस चोर म्हणून ख्यात असेल, तर तो आजही शिक्षेस पात्र आहे.