आर्केयच्या मैदानावरील तीन शब्द

ऑलिंपिक सामन्यांचे दिवस आले की ‘सिटियस, अल्टियस, फोर्टियस’ हे लॅटिन ब्रीद आपल्या वाचनात येते. अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक बलशाली असा त्याचा अर्थ. हे शब्द एखाद्या प्राचीन शिलालेखावरून घेतले असावेत, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. खेळाचे ब्रीद म्हणून ते सांगितले गेले एका शाळेच्या क्रीडासमारंभात, आणि सांगणारे होते एक डॉमिनिकन धर्मगुरू, फादर आंरी दिदों. ऑलिंपिकच्या झगमगाटात त्यांचे नाव मागे पडले आहे. आपल्या मुलाबाळांच्या हितासाठी ते पुन्हा आठवावे, असे आम्हांस वाटते.

दिदों यांचा जन्म १८४० साली फ्रान्समधील ग्रनोबल शहराजवळच्या तुव्हे या गावी झाला. बालवयातच ते रोंदो येथील छोट्या सेमिनरीत दाखल झाले. त्या सेमिनरीत १८३२ पासून विद्यार्थ्यांचे खेळ भरत आणि त्यांना ‘ऑलिंपिक’ असेच नाव होते. या खेळांत दिदों यांनीही पारितोषिके मिळवली. पुढे ते डॉमिनिकन संघात गेले, धर्मगुरू झाले आणि प्रभावी प्रवचनकार म्हणून पॅरिसमध्ये गाजले. मात्र त्यांची प्रवचने वरिष्ठांना फार धीट वाटली आणि १८८० साली त्यांना कॉर्सिका बेटावरील कोर्बारा मठात पाठविण्यात आले. दिदों यांनी आज्ञा पाळली. दीडेक वर्ष ते त्या एकांतात राहिले. आज्ञापालन आणि तेजस्विता या दोन गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, याचा हा दाखला होय.

१८९० साली पॅरिसच्या दक्षिणेस आर्केय येथील ‘आल्बेर ल ग्रां’ या डॉमिनिकन शाळेची धुरा त्यांच्याकडे आली. या शाळेचा इतिहास रक्ताने लिहिलेला होता. १८७१ च्या मे महिन्यात, पॅरिस कम्यूनच्या धामधुमीत, शाळेचे प्रमुख फादर काप्तिए, त्यांचे चार डॉमिनिकन सहकारी आणि शाळेतील आठ प्रापंचिक सेवक अशा तेरा जणांना ठार करण्यात आले होते. त्या घटनेला अवघी वीस वर्षे होत होती. एकीकडे चर्च आणि दुसरीकडे प्रजासत्ताकाचे राज्यकर्ते, अशी फ्रान्सची उभी फाळणी झालेली होती. कॅथॉलिक शाळेतील मुले एका वाटेने जात, सरकारी शाळेतील मुले दुसऱ्या.

अशा काळात, २ जानेवारी १८९१ रोजी, एक तरुण सरदारपुत्र फादर दिदों यांना भेटावयास आला. पिएर द कुबर्तां हे त्याचे नाव. वय अठ्ठावीस वर्षे. शिक्षण जेज्वीट फादरांच्या शाळेत झालेले. फ्रान्समधील शाळांत मुले दिवसभर बाकांना खिळून बसत. त्यांना मोकळ्या मैदानाची आणि स्वतःच्या जबाबदारीची सवय लागावी, हा कुबर्तां यांचा ध्यास होता. दिदों यांनी शाळेत क्रीडामंडळ काढावे आणि आपल्या मुलांना सरकारी शाळांतील मुलांबरोबर स्पर्धेत उतरवावे, अशी त्यांची विनंती होती.

वाचकहो, या विनंतीचे वजन ध्यानी घ्या. ज्या शाळेच्या प्रमुखांना रस्त्यावर ठार मारले गेले, त्या शाळेच्या मुलांनी ‘पलीकडच्या’ गोटातील मुलांशी हस्तांदोलन करावयाचे होते. दिदों यांनी होकार दिला. अवघ्या दोन महिन्यांनी, ७ मार्च १८९१ रोजी, आर्केयच्या मुलांचे क्रीडासामने झाले. त्या वेळी फादरांनी आपल्या मुलांना जे तीन शब्द दिले, तेच हे तीन शब्द. पुढे ते शाळेच्या क्रीडामंडळाच्या ध्वजावर झळकले. १८९४ साली सोर्बोन विद्यापीठात भरलेल्या परिषदेत ऑलिंपिक सामन्यांच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय झाला, तेव्हा कुबर्तां यांनी आपल्या मित्राचे हेच शब्द ब्रीद म्हणून पुढे ठेवले.

१८९६ साली अथेन्स येथे पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने भरले. फादर दिदों आपले विद्यार्थी घेऊन तेथे गेले. ५ एप्रिल हा त्या वर्षीचा ईस्टरचा रविवार. त्या दिवशी अथेन्समधील कॅथॉलिक कॅथेड्रलमध्ये त्यांनी मिस्सा अर्पण केली आणि दुसऱ्या दिवशी सामन्यांचे उद्घाटन झाले.

पुढच्याच वर्षी ल हाव्र येथील ऑलिंपिक परिषदेत त्यांनी खेळांच्या नैतिक प्रभावावर भाषण केले. खेळाला विरोध करणाऱ्यांचे तीन वर्ग त्यांनी सांगितले: ज्यांना मुले गप्प बसलेली आवडतात ते, लेकराला खरचटेल या मायेने ज्यांचा जीव खालीवर होतो ते, आणि पुस्तकापलीकडे शिक्षण नाही असे मानणारे विद्वान. हे तिन्ही वर्ग आपल्याही घरांत आहेत. फादर दिदों १९०० साली निवर्तले.

मुलांपुढे बोललेले हे तीन शब्द शर्यत जिंकणाऱ्या एकासाठीच नव्हते. ‘अधिक’ कोणापेक्षा? शेजाऱ्यापेक्षा, असे उत्तर दिले तर बाकीची सारी मुले पराभूत ठरतात. ‘कालच्या माझ्यापेक्षा’, असे उत्तर दिले तर शेवटून पहिला येणारा मुलगाही या शब्दांचा वारसदार ठरतो. संत पौलाने करिंथकरांना धावण्याच्या शर्यतीचा दृष्टांत दिला, तोही आत्मसंयमन शिकविण्यासाठी. २०२१ साली टोकियो येथे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या ब्रीदाला ‘एकत्र’ या अर्थाचा चौथा शब्द जोडला. आर्केयच्या मैदानावर हा चौथा शब्द आचरणात आधीच आला होता.

आता आपल्या अंगणात येऊ. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना एक गृहस्थ आमच्या कचेरीत आले. त्यांच्या मुलाला चौदा वर्षांखालील संघात खेळावयाचे होते. वय थोडे उलटून गेले होते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर जन्मसाल एक वर्ष पुढचे लिहून द्यावे, ही त्यांची विनंती. “फादर, खेळासाठीच तर आहे. यात कुणाचे काय बुडते?” असे ते म्हणाले. आम्ही नकार दिला. मुलगा दाराशी उभा राहून सारे ऐकत होता. त्याने मान खाली घातली होती.

त्या पित्याला दोष देऊन आम्हांस मोकळे होता येत नाही. त्याच वर्षी धर्मग्रामाच्या सणानिमित्त फुटबॉलचे सामने झाले. अंतिम सामन्यात एका मुलाने गोल केला. सर्वांनी जल्लोष केला. तेवढ्यात तो स्वतः पंचांकडे गेला आणि चेंडू आपल्या हाताला लागल्याचे त्याने सांगितले. गोल रद्द झाला, त्याचा संघ हरला. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही विजयी संघाला वेदीसमोर बोलावले, चषक उंचावला, टाळ्या झाल्या. तो मुलगा मागच्या बाकावर बसला होता. त्याचे नाव घ्यावे, हे आम्हांस सुचलेच नाही. प्रामाणिकपणावर आम्ही कितीतरी प्रवचने दिली असतील. त्या दिवशी समोर उभे असलेले प्रवचन आम्हांस दिसले नाही.

मुले आपल्या उपदेशातून फारसे शिकत नाहीत. आपण टाळ्या कशासाठी वाजवतो, हे ती पाहत असतात. सामना संपवून मूल घरी आले की “जिंकलास का?” हा पहिला प्रश्न आपल्या ओठांवर येतो. त्याऐवजी “कसा खेळलास? समोरच्या मुलांशी हात मिळवलास ना?” असे आईवडिलांनी विचारून पाहावे. आम्हीही आमच्या परीने त्या चुकीची भरपाई केली. सणाच्या सामन्यांत आता सचोटीने खेळणाऱ्या मुलाचे नाव वेदीसमोर प्रथम घेतले जाते, चषकाची पाळी त्यानंतर येते.