तळटीप : पेलाग्रा

* पेलाग्रा : नायसिन या ‘ब-३’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग. अन्नातून ऊर्जा मिळवायला लागणारे ‘एनएडी’ हे सहविकर शरीर नायसिनपासून बनवते. ते कमी पडले की पेशींचा चयापचय अडखळतो. ऊर्जेवाचून क्षणभरही न भागणाऱ्या मेंदूला त्याची झळ बसते : झोप उडते, विसर पडतो, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. जुलाब लागतात, उन्हात उघडी राहणारी मान व हातांची कातडी काळवंडून सोलते. १९६० मध्ये हैदराबादेत सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी या रोगाचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जादा प्रमाणाशी जोडला. पुढे त्यावर मतभेद झाले. ज्वारीच्या भाकरीसोबत वरण आणि शेंगदाण्याची चटणी असली, तर नायसिनची उणीव बरीच भरून निघते. धोका नुसत्या कण्या-भाकरीवर दिवस काढणाऱ्यांना.